मदत हवी आहे: बाबांना घेऊन भिगवणला जायचंय. लेन्स, गाडी आणि दशम्या

नमस्कार मंडळी,

एकाच धाग्यात तीन प्रश्न विचारतोय, कारण तिन्हींचं मूळ एकच आहे.

फेब्रुवारीअखेर बाबांना घेऊन भिगवणला जायचं ठरलंय. बाबा ७६ वर्षांचे. त्यांचं लहानपण भीमेकाठच्या ज्या गावात गेलं ते गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, वस्ती त्याआधीच वर माळावर हलली होती आणि बाबा नोकरीसाठी पुण्यात आले होते. आता त्याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. दरवर्षी आम्ही जाऊ जाऊ म्हणायचो, दरवर्षी काहीतरी निघायचं. गेल्या श्रावणात आई गेली. परवा जेवताना बाबा स्वतःहून म्हणाले, "एकदा जाऊन येऊ. फोटो मात्र मी काढणार."

बाबांकडे एके काळी रशियन झेनिट कॅमेरा होता. आमच्या लहानपणीचा प्रत्येक फोटो त्यावरचा. आता त्यांचा उजवा हात थरथरतो. माझ्याकडे कॅननचा २०० डी कॅमेरा आहे, सोबत फक्त १८-५५ ची लेन्स (आकडे मिलिमीटरचे, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). एक ओळखीचे गृहस्थ वापरलेली ५५-२५० एसटीएम लेन्स १० हजारांना देतायत. दुसरीकडे मित्र म्हणतात, पक्ष्यांसाठी १५०-६०० शिवाय जाऊच नकोस.

गाडी २०१४ ची वॅगन आर. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात. पहाटे साडेतीनला निघायचं म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता अंधारातच. एका गॅरेजवाल्याने १००/९० वॅटचे बल्ब टाकायला सांगितलं. पुढच्या डाव्या चाकाकडून छोट्या खड्ड्यातही खटखट येते. टायरची नक्षी अजून चांगली आहे, त्यामुळे ते बदलावेत असं वाटत नाही.

तिसरं जेवण. बाबांना कवळी आहे, बाहेरचं तेलकट सोसत नाही. प्रवासाला निघताना आई ज्वारीच्या दशम्या करायची. मी दोनदा करून पाहिल्या. दोन्ही वेळा थापताना कडा फाटल्या आणि चार तासांत त्या चामड्यासारख्या झाल्या. बाबांनी न बोलता खाल्ल्या, ते मला जास्त लागलं.

तिन्ही मिळून माझ्याकडे ४० हजार आहेत. कुठे खर्च करू आणि कुठे नको, सांगा.

रानपाखरू:

दादा, ५५-२५० घ्या. डोळे झाकून म्हणत नाही, कारण सांगतो.

ती लेन्स ३७५ ग्रॅमची. तुमचा कॅमेरा बॅटरीसकट साधारण साडेचारशे ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून किलोच्या आत. १५०-६०० एकटीच दोन किलोच्या आसपास भरते. थरथरत्या हाताने ती होडीत पाच मिनिटं तरी धरता येईल का, विचार करा. २०० डीचा सेन्सर लहान असल्यामुळे २५० ला जवळपास ४०० इतकं जवळचं दृश्य मिळतं. रोहित मोठा पक्षी आहे आणि थव्याने असतो, त्याला तेवढं पुरतं. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे, त्यामुळे बाबांना व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही स्थिर दिसेल. वय झालेल्या माणसाला याचा फार आधार होतो.

शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली येऊ देऊ नका, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा. काळपट पाण्यावर पांढरे-गुलाबी पक्षी असले की कॅमेरा फसतो आणि पिसं पांढरीफटक होतात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, साधारण पाऊण स्टॉप कमी करा. होडीत ट्रायपॉड नको, इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. जाड कापडाची उशी शिवून तिच्यात दोन किलो तांदूळ भरा आणि होडीच्या काठावर ठेवा. त्यावर लेन्स टेकली की हात कापला तरी चालतो.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, फुकट दिली तरी नको. धुळीचे दोन-चार कण असतील तर चालतं.

वाटसरू:

मी थोडा वेगळा विचार करतो. आयुष्यात एकदा जाणार असाल तर १५०-६०० एका दिवसासाठी भाड्याने घ्या. पुण्यात मिळते. २५० ने फोटो काढून घरी आल्यावर पक्षी ठिपक्याएवढा दिसला तर बाबांना वाईट वाटेल.

रानपाखरू:

वाटसरू, तुमचं म्हणणं एकट्या जाणाऱ्याला लागू आहे. इथे फोटो बाबा काढणार आहेत. शिवाय नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा तापून हलायला लागते, मग ६०० नेही पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखे मऊ येतात. सात वाजता होडीत असणं हे कुठल्याही लेन्सपेक्षा मोठं.

आणि एक विनंती. नावाडी बऱ्याचदा विचारतात, "उडवू का थवा?" नको म्हणा. रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो, त्याचा सगळा दिवस त्यात जातो. आपल्या एका फोटोसाठी त्याला उठवू नका. होडी थांबवून गप्प बसलात तर ते चरत चरत आपणहून जवळ सरकतात.

दहानंबरी पाना:

भाऊ, गाडीचं मी बघतो. आधी एक सांगा, टायरच्या बाजूला इंग्रजीत DOT (डॉट) लिहिलंय त्याच्या शेवटी चार आकडे आहेत, ते काय आहेत?

धागाकर्ता:

दादा, आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन पाहिलं. २६१७. आणि वाकून बघितल्यावर बाजूच्या रबरात बारीक भेगा दिसल्या. आजवर कधी लक्षच गेलं नव्हतं.

दहानंबरी पाना:

२६१७ म्हणजे २०१७ सालच्या २६ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक आहे कारण गाडी कमी चालते, पण रबर वयाने कडक होतं. अशा टायरची पकड ओल्या रस्त्यावर आधी जाते, आणि वेगात उन्हाने तापला की भेगेतून फुटतो. चारही बदला. तुमच्या गाडीला १४५/८० आर १३ मापाचे असतील तर १५५/८० आर १३ टाकता येतात, व्यास तीन टक्क्यांच्या आतच वाढतो आणि बसणं थोडं मऊ होतं. तरी मी मूळ मापच टाकीन. मायलेज आणि स्टिअरिंग हलकं राहतं, आणि वयस्कर माणूस शेजारी असताना मला गाडी ओळखीची हवी.

१००/९० चे बल्ब अजिबात नको. मूळ वायरिंग ६०/५५ साठी असतं. रिले (बल्बला थेट बॅटरीतून वीज देणारा स्विच) न टाकता जास्त वॅटचे बल्ब लावले की होल्डर वितळतो. मी काळे पडलेले होल्डर हाताने काढलेत. तुमचा उजेड बल्बमुळे कमी झालेला नाही, काचेमुळे कमी झालाय. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं, उन्हाने त्याचा वरचा थर पिवळा होतो. पाणी मारत १०००, मग १५००, मग २००० चा पॉलिशपेपर, नंतर पॉलिश, आणि शेवटी यूव्ही कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर. हा शेवटचा थर दिला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पिवळं. मग बल्ब मूळ वॅटचेच नवे टाका आणि मागे माणूस बसवून भिंतीवर बीम सेट करा.

उजेडाचा आग्रह का, तर सोलापूर रस्त्यावर त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या असतात. यवतच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेला ऊस. थंडीत पाण्याजवळ धुकंही असतं. ६० च्या वर जाऊ नका. आणि खरं सांगू, साडेतीनला निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी उजेडात जाऊन भिगवण किंवा कुंभारगावला मुक्काम करा. शंभरेक किलोमीटर तर आहे.

खटखट बहुतेक लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशची. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवा. तेव्हाही टणटण आली तर स्ट्रट माउंट (शॉकअप्सचा वरचा टेका). हे काम आधी करा, मग टायर, मग चाकांचं अलाइनमेंट. उलट केलंत तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातील. सीट कव्हर, मोठा स्पीकर, अलॉय यातलं आत्ता काही घेऊ नका.

चुलीपाशी:

बाळा, तुझ्या दशमीचं वाचून राहवलं नाही. तुझ्या हाताचा दोष नाही. पीठ कधीचं आहे?

धागाकर्ता:

मावशी, पिशवीतलं तयार पीठ. डब्यात दोन महिने असेल.

चुलीपाशी:

मग विरी गेली त्याची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ ताजं असतानाच काय तो धरतो. जुन्या पिठाची भाकरी माझ्याही हातून फाटेल. ज्वारी आण, निघायच्या दोन दिवस आधी गिरणीतून बारीक दळून घे.

आता असं कर. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी दूध लागेल, पण मापावर जाऊ नकोस, पीठ सांगेल तसं. दूध उकळत आलं की त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप टाक. गॅस बंद करून पीठ घाल, उलथन्याच्या दांड्याने ढवळ आणि झाकून दहा मिनिटं ठेव. मग परातीत घेऊन तळहाताच्या मुळाने मळ, चांगलं मळ. गोळा दाबल्यावर कडेला चीर दिसली तर दुधाचा हात लाव आणि पुन्हा मळ. चीर गेली की पीठ तयार. पाणी कुठेच लावायचं नाही, थापतानाही नाही. पाण्याने ती लवकर खराब होते.

पातळ थापू नकोस. मध्यम आचेवर दोन्हीकडून तव्यावरच भाज, गॅसच्या जाळावर फुगवू नकोस. भाकरीसारखी खडखडीत केलीस तर चामडं होणारच. उतरवली की लगेच तुपाचं बोट फिरव. पूर्ण निवल्यावर धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात एकावर एक गुंडाळ आणि मग डब्यात ठेव. गरम असताना डबा लावलास तर घाम सुटतो.

चटणी शेंगदाण्याची, पण बाबांना कवळी आहे म्हणतोस ना, मग दाण्याचा कण हिरडीखाली गेला की दिवसभर टोचेल. खलबत्त्यात तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत कूट. मिक्सरमध्ये बऱ्याचदा नुसता भुगा होतो. खाताना दह्यात कालवून दे. कांद्याचं काही नेऊ नकोस, आंबतं.

एक दशमी गुळाची कर. कणीक घे, कोमट दुधात गूळ विरघळवून त्यातच भिजव. तुझी आई करत असणार.

धागाकर्ता:

मावशी, करायची. मी विसरलो होतो. डब्यात सगळ्यात खाली असायची.

जुनी भिंग:

एक वेगळी गोष्ट. झेनिट अजून घरात आहे का? त्यावर बहुतेक हेलिओस ५८ एमएम लेन्स असेल, एम ४२ आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसणारी. काही शे रुपयांत अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो लावला की ती तुमच्या कॅननवर बसते आणि दूरवरचं फोकसही नीट होतं. निकॉनवर अडचण येते, कॅननवर नाही. मेनूमध्ये 'लेन्सविना शटर' चालू करा. पक्ष्यांसाठी उपयोग नाही, पण माणसांसाठी सुंदर आहे. बाबांच्या बोटांना ती रिंग आठवत असेल.

धागाकर्ता (जाऊन आल्यावर):

मंडळी, कालच परत आलो.

पाना दादा, तुमचं ऐकून आदल्या संध्याकाळी गेलो. बुश, चार टायर, अलाइनमेंट, हेडलाइट मिळून २१ हजार झाले. पाटसपाशी बाबा म्हणाले, "गाडी गप्प झाली की रे."

लेन्स ५५-२५० घेतली, टॉर्च मारून. तांदळाची उशी आईच्या जुन्या परकराच्या कापडाची शिवली. सव्वासात वाजता पाण्यावर होतो. रोहित दूर होते, मग अर्धा तास होडी बंद करून बसलो आणि ते खरंच सरकत आले. पट्टकादंब, चित्रबलाक, एक कैकरही दिसला. बाबांनी २१२ फोटो काढले. त्यातले चाळीसेक स्पष्ट आहेत आणि ते सगळे उशीवर टेकवून काढलेले.

मावशी, दशम्या दुपारी दोन वाजताही मऊ होत्या. बाबांनी एक नावाड्याला दिली. त्याच्याशी बोलताना कळलं की त्याच्या आजोबांचं शेतही त्याच पाण्यात आहे. मग दोघंही पाण्याकडे बोट करून वेशी, विहिरी, मारुतीचं देऊळ सांगत बसले. तेव्हा बाबांनी कॅमेरा मागितला, हेलिओस लावायला सांगितली आणि त्या माणसाचा फोटो काढला. रिंग फिरवताना त्यांचा हात थरथरला नाही.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून एक बिस्किटाचा डबा काढला. आत गावाच्या निगेटिव्ह आहेत, पाणी येण्याआधीच्या. पाच पट्ट्या. यांचे फोटो घरच्या घरी करता येतील का? वेगळा धागा काढू का?

जुनी भिंग:

इथेच विचारा. तीच हेलिओस आणि एम ४२ ची एक्स्टेन्शन ट्यूब (अगदी जवळचं टिपण्यासाठी लेन्समागे लावायची पोकळ नळी) वापरून करता येईल. खालून प्रकाशासाठी टॅबलेटचा पांढरा पडदा चालेल, फक्त पट्टी त्याच्यापासून चार बोटं वर धरायची म्हणजे पडद्याचे ठिपके येणार नाहीत. पण आत्ता काहीच करू नका. पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात का आणि त्यांवर पांढरे डाग आहेत का, एवढं बघून सांगा. फडक्याने पुसू नका, ओढून सोडवू नका.

धागाकर्ता:

दोन चिकटल्यात. बाकी तीन सुट्या आहेत. हात लावत नाही.