निर्दोष मुक्ततेनंतर बोटांच्या ठशांची नोंद नष्ट होते का?

प्रश्न : अटकेच्या वेळी माझ्या भावाचे बोटांचे ठसे आणि छायाचित्रे घेण्यात आली. पुढे त्याची निर्दोष मुक्तता झाली आणि अपिलाची मुदतही संपली. ही नोंद आता आपोआप नष्ट होईल का?

उत्तर १ : फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नुसार अशी नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोकडे, ती घेतल्याच्या तारखेपासून ७५ वर्षे राहते. मात्र ज्या व्यक्तीला पूर्वी कारावासाच्या गुन्ह्यात दोषी ठरवलेले नाही, ती निर्दोष सुटल्यास आणि सर्व कायदेशीर उपाय संपल्यास नोंद नष्ट करावी लागते, जोपर्यंत न्यायालय किंवा दंडाधिकारी कारणे लेखी नोंदवून वेगळा आदेश देत नाहीत.

उत्तर २ : वरील माहिती बरोबर आहे, परंतु केवळ वाट पाहू नका. नियमांप्रमाणे नोंद नष्ट करण्याची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची असते. निकालाची प्रमाणित प्रत जोडा आणि पोच अवश्य घ्या. सुटलेल्या माणसावर हा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर ३ : युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००८ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या खटल्यात, दोषी न ठरलेल्यांचे ठसे आणि डीएनए अमर्याद काळ ठेवणे हा खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला होता. आपला कायदा मोजमापांपुरताच (म्हणजे ठसे, छायाचित्रे अशा ओळखीच्या नोंदींपुरताच) असल्याने प्रथम खबरी अहवालातील किंवा निकालपत्रातील भावाचे नाव त्याने पुसले जाणार नाही, हेही लक्षात ठेवावे.