मदत हवी आहे: बी.कॉम. न सोडता सोबत सायन्स किंवा आर्ट्सचं काही शिकता येईल का?

हळकुंड_१९

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी सांगलीची. बारावी सायन्सने केली, मार्कही बरे पडले, आणि मग बी.कॉम.ला ॲडमिशन घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही. आमचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, दादा इंजिनिअरिंग करून बंगलोरला गेला तो गेलाच, आणि हिशोब मला मनापासून आवडतो. आता एफवाय संपलंय.

घोळ झाला तो मार्चमध्ये, ऐन सीझनला. पप्पा माल कसा बघतात सांगते. पोत्यातलं हळकुंड उचलतात, कानाजवळ नेऊन मोडतात. कट्ट आवाज आला की वाळलंय. मग आतला रंग बघतात, अंगठ्यानं घासतात, संपलं. त्या दिवशी एका खरेदीदारानं मोबाईलवर लॅबचा रिपोर्ट पुढे केला. कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) २.८ टक्के, म्हणून भाव कमी. त्याच मालाला पप्पा 'एक नंबर' म्हणाले होते. ते काही बोलले नाहीत, रिपोर्टकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. वर एचपीएलसी लिहिलं होतं, म्हणजे क्रोमॅटोग्राफीचाच एक प्रकार. अकरावीत क्रोमॅटोग्राफी शिकलो होतो, पण ओल्या कागदावर शाईचे रंग वेगवेगळे होतात एवढंच आठवत होतं.

तेव्हापासून डोक्यात चाललंय की आपण जे विकतो ते आहे काय हे बी.कॉम.मध्ये कुणीच सांगणार नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, हळद वर्षानुवर्षं टिकायची, ती का? तिथल्या मातीत काय आहे? २००५च्या पुरात बहुतेक पेवं गेली, त्यानंतर बाजार कसा बदलला? यातलं काही सायन्स आहे, काही इतिहास, काही इकॉनॉमिक्स.

दोन डिग्र्या एकत्र करता येतात असं वाचलं म्हणून ऑफिसात विचारायला गेले. क्लार्ककाकांनी मान वर न करता सांगितलं, "मूळ दाखला एकच असतो. दुसरीकडे जायचं तर इथली ॲडमिशन रद्द करा." मायनरचं (मुख्य विषयासोबतच्या दुय्यम विषयाचं) विचारलं तर आमच्याकडे इन्शुरन्स आणि मार्केटिंग एवढंच आहे म्हणाले.

पर्याय काय आहेत? आणि बी.कॉम.ची टक्केवारी न घालवता हे जमेल का? पप्पांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटेल मी दुकानातून सुटायचं बघतेय.

कृष्णाकाठचा मास्तर

ताई, तीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवून निवृत्त झालो, म्हणून थोडं बोलतो.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. यूजीसीनं एप्रिल २०२२ मध्ये एका वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना परवानगी दिली. अट अशी की दोन्हीचे तास एकमेकांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन असंही चालतं. पण त्याच पत्रकात विद्यापीठांनी आपापल्या अधिकार मंडळांमार्फत त्याची व्यवस्था लावावी असंही आहे, आणि गाडी अडते ती तिथे. क्लार्कला नावं ठेवू नका, त्याच्या टेबलावर त्यासाठीचा फॉर्मच आलेला नसतो.

दुसरं, कॉमर्सचे तास बहुतेक ठिकाणी सकाळी सात ते अकरा. बी.एस्सी.चे अकरापासून प्रॅक्टिकल संपेपर्यंत, म्हणजे चार-पाच. कागदावर जमतं. दोन वर्षांत तुमचं चिपाड होईल.

मायनरबद्दल मात्र भांडा. राज्य सरकारच्या एप्रिल २०२३च्या जीआरनुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, त्यात मायनरचे १८ ते २०, आणि मायनर दुसऱ्या विद्याशाखेतलंही घेता येतं. ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) तर मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, शाखेबाहेरचंच घ्यायचं असतं. कॉलेजं सोयीसाठी आपल्याच मास्तरांना तास मिळतील असे विषय ठेवतात (मीही ठेवले आहेत, आता कबूल करायला हरकत नाही). तुमच्या संस्थेचं सायन्स कॉलेज त्याच आवारात असेल तर क्लार्ककडे न जाता प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. चार-पाच मुलांच्या सह्या असल्या तर उत्तम.

दोन_डिग्र्यांची_आई

मी केलंय गं हे, म्हणून लिहिते. बी.कॉम. रेग्युलर आणि इग्नूतून बी.ए. इतिहास. प्रवेश ऑनलाइन झाला, कागदपत्रं स्कॅन करून चढवली, मूळ दाखला कुणी मागितला नाही. जुलै आणि जानेवारी असे दोनदा प्रवेश असतात. आता दूरस्थसाठी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते खातं) आणि त्यावरून डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा) काढावा लागतो, तो आधी काढून ठेव. शेवटच्या दिवशी साइट झोपते.

सांगण्यासारखी गोष्ट एकच. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. विद्यापीठाच्या सेमिस्टर परीक्षा लांबल्या की बरोबर त्यांच्यावर येतात. माझा एकदा सकाळी कॉस्टिंग आणि दुपारी मध्ययुगीन भारत असा योग आला होता. कॉस्टिंगमध्ये काठावर सुटले. असाइनमेंटला ३० टक्के वेटेज असतं आणि त्या हातानं लिहायच्या, म्हणजे दिवाळीची सुट्टी गेली समज.

पण फायदा? बॅलन्सशीट वाचताना 'हे असं का लिहितात' हा प्रश्न मला इतिहासानं शिकवला.

वसमतकर

आमच्याकडंबी हळदच हाय. स्पष्ट बोलतो, राग नको. बापाचं चालू दुकान हाय, ते सांभाळा. कर्क्युमिन बघायला लॅब हाय की, पैसे भरा, रिपोर्ट घ्या. त्यासाठी बी.एस्सी. कशाला? डॉक्टरकडं जायला आपण डॉक्टर होतो का?

हळकुंड_१९

@वसमतकर काका, राग नाही. पण रिपोर्ट खरेदीदाराचा होता. सॅम्पल कुठल्या पोत्यातून काढलं, वरून की तळातून, गड्डा (मधला मूळ कंद) किती आणि हळकुंड किती, हे विचारायचं असतं एवढंसुद्धा आम्हाला सुचलं नाही.

@मास्तर, सायन्स कॉलेज त्याच आवारात आहे. मधे फक्त सायकल स्टँड. अर्ज लिहायला घेते.

@दोन डिग्र्यांची आई, इग्नूतून बी.एस्सी. होईल का? माझी बारावी सायन्सचीच आहे.

दोन_डिग्र्यांची_आई

पात्रता बसते. पण लॅबचे कोर्स प्रत्यक्ष हजर राहूनच करावे लागतात, आणि लॅब असलेलं अभ्यासकेंद्र कुठे मिळेल ते आधी बघ. नुसतं डिग्रीचं नाव बघून पैसे भरू नकोस.

फॉर्म ११२

सीए करणार आहेस का? त्यावर सगळं अवलंबून आहे. आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) आता दोन वर्षांची झाली, पण त्या काळात दुसरा कोणताही कोर्स करायचा तर इन्स्टिट्यूटची परवानगी लागते. माझ्या टोपणनावावरून कळलं असेलच कुठला फॉर्म तो. मी न भरता एम.ए. सुरू केलं आणि नंतर खुलासे देत बसलो.

हळकुंड_१९

नाही, सीए नाही.

कृष्णाकाठचा मास्तर

तुमचा सॅम्पलचा प्रतिसाद परत वाचला. ताई, पोत्यातून नमुना कसा काढावा हा केमिस्ट्रीचा प्रश्न नव्हे. तो माझ्या विषयाचा आहे. माल एकसारखा नसेल तर किती ठिकाणाहून, किती नमुने, आणि २.८ आलं तर ते खरंच ३.२ पेक्षा वेगळं आहे की नुसता नमुन्याचा खेळ. केमिस्ट तुम्हाला आकडा देईल. त्यावर विश्वास किती ठेवायचा हे स्टॅटिस्टिक्स सांगेल. आणि त्याला लॅब लागत नाही.

केमिस्ट्रीची भूक असेलच तर घराजवळ बघा. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. 'फुले स्वरूपा' ही हळदीची जात तिथलीच. एक सकाळ काढून जाऊन या. व्यापाऱ्याची मुलगी प्रश्न विचारायला आली तर शास्त्रज्ञांनाही बरं वाटतं.

रात्रपाळी

मास्तरांशी सहमत. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. घेतला, डेटा सायन्सचा. कुठल्याही शाखेची बारावी चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की झालं. आधी चार आठवडे शिकवतात, असाइनमेंट असतात, मग क्वालिफायर परीक्षा. ती पास झालात तर प्रवेश. स्टॅट्स आणि गणित पहिल्याच टप्प्यात. झेपलं नाही तर फाउंडेशनच्या सर्टिफिकेटवर किंवा डिप्लोमावर थांबता येतं, आणि तो कमीपणा नाही. लेक्चर घरी, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच.

खोटं सांगत नाही, पहिल्या टर्ममध्ये पायथननं रडवलं. एकदाच सगळं घेऊ नका, एका टर्मला दोन विषय पुरे. बी.कॉम.ला मला ६४ टक्के पडले. कॅटला (एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला) बसायचं असेल तर पदवीला ५० टक्के लागतात, तेवढं भान ठेवलं.

आणि हे न जमल्यास स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एकेक कोर्स करा. यूजीसीच्या २०२१च्या नियमानुसार ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण कॉलेज ते धरणार का, हे आधी लेखी घ्या. तोंडी 'हो हो' वर जाऊ नका, मी गेलो होतो.

हळकुंड_१९

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

प्राचार्यांना अर्ज दिला, सहा सह्या मिळाल्या. 'बघू' म्हणाले. क्वालिफायरचा फॉर्म भरतेय. दुसरी पूर्ण डिग्री आत्ता नको असं ठरवलंय.

पप्पांना काल रात्री जेवताना सांगितलं. केमिस्ट्री, स्टॅट्स, सगळं. ते म्हणाले, "म्हणजे तुला त्या रिपोर्टवाल्याशी भांडायचंय." हो म्हटलं. मग उठले, माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढली. आजोबांच्या आणि पणजोबांच्या चोपड्या! पाडव्याला पूजलेल्या, पहिल्या पानावर कुंकवाचे डाग तसेच. पणजोबांच्या मोडीत आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. आजोबांच्या देवनागरीत. १९५६च्या दिवाळीत सुरू झालेल्या चोपडीत आधी रुपये-आणे-पै, आणि पुढे एका पानापासून 'न. पै.' सुरू होतं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले हे पुस्तकात वाचलं होतं. आजोबांनी त्या पानावर समासात सोळा आण्यांचा तक्ता करून ठेवलाय, एक आणा म्हणजे सहा, खाडाखोड, परत सहा. सगळे भाव एक्सेलमध्ये टाकायचं ठरवलंय.

आता नवी अडचण. हळदीचा भाव 'दर मणी' लिहिलाय. हा मण किती किलोचा धरायचा?

कृष्णाकाठचा मास्तर

शाब्बास. आता सावध राहा. बंगाली मण धरला तर ४० शेर, म्हणजे ३७ किलो ३२० ग्रॅमच्या आसपास. जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे १२ किलो ७०० ग्रॅम. चुकीचा धरलात तर सगळे भाव जवळजवळ तिप्पट चुकतील आणि आलेख तरीही छान दिसेल. चोपडीत कुठे पोत्याचं वजन आणि हमाली एकत्र लिहिली आहे का बघा. एक पोतं किती मणांचं धरलंय त्यावरून कळेल.

हळकुंड_१९

बघितलं. एका ठिकाणी '२ पोती, ४ म. ३२ शे.' असं आहे. म्हणजे पोत्याला २ मण १६ शेर. मोठा मण धरला तर पोतं ९० किलोचं होतं, छोटा धरला तर ३० किलोचं. पप्पा म्हणतात त्यांच्या लहानपणी हमाल ९० किलोचं पोतं आरामात उचलायचे. म्हणजे मोठाच ना? की हळदीला सांगलीत वेगळं काही माप होतं? यार्डातले कुणी जुने लोक इथे असतील तर प्लीज सांगा, त्याशिवाय पुढचा कॉलम भरत नाही.