बर्गंडीत महागडी गावं सोडून चांगली वाइन कुठे चाखावी? (मदत हवी आहे, तातडीने)

उंडगा
मंडळी, फ्रान्सला, बर्गंडीला चाललोय. तिथल्या बोन शहरात हॉटेल घेतलंय. प्रसिद्ध गावांची वाइन परवडण्यातली नाही. व्होन-रोमानेची नुसती गावाच्या नावाची बाटलीसुद्धा सत्तर युरोंच्या पुढे दिसतेय. नेटवर शोधावं तर सगळीकडे तीच पाच-सहा गावं. मला कमी बोलबाला असलेले कोपरे हवेत, जिथे पंधरा-वीस युरोंत बरी बाटली मिळेल आणि चाखूनही बघता येईल. हॉटेल फुकटात रद्द करायची मुदत उद्या रात्री संपते, तेव्हा बोनला राहू की दुसरीकडे, तेवढं पटकन सांगा. दारूच्या दुष्परिणामांवर प्रवचन नको.

कोरडा_ठाक
किती दिवस? कधी? गाडी आहे का? रेड की व्हाइट? यातलं काहीच न सांगता 'पटकन सांगा'!

मनमौजी
व्हाइट हवी असेल तर डोळे मिटून साँ-ओबाँ गाव. टेकडीच्या पलीकडे मोंराशे, व्हाइटचं सगळ्यात नावाजलेलं शेत. त्या शेतातल्या बाटलीला लोक शेकडो युरो मोजतात आणि शेजारच्या उतारावरची वाइन त्याच्या दहाव्या हिश्शात मिळते.

चिंचगुळ
मनमौजी, हा सल्ला दहा वर्षांपूर्वी ठीक होता. साँ-ओबाँचं गुपित कधीच फुटलंय. चांगल्या उत्पादकाची प्रीमिए क्रू (वरून दुसऱ्या दर्जाच्या शेतातली वाइन) आता पन्नासच्या आसपास असते. विचारणाऱ्याचं बजेट वीस आहे, नीट वाचा.

उंडगा, बोनच्या दक्षिणेला शान्यी गाव ओलांडलं की कोत शालोनेझ सुरू होतं. बूझरों, रुयी, मेर्क्युरे, जिव्री, मोंतान्यी ही त्यातली पाच गावं. माती बरीचशी तीच, चुनखडी आणि चिकणमाती. द्राक्षंही तीच, रेडसाठी पिनो न्वार आणि व्हाइटसाठी शार्दोने. पण इथे एकही ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं शेत, नाही, त्यामुळे भाव चढवणारं नावच नाही. मेर्क्युरे आणि जिव्रीत बहुतांश रेड, रुयीत व्हाइट जास्त, मोंतान्यीत फक्त व्हाइट. बूझरोंचा प्रकारच निराळा. तिथे गावाच्या नावाने फक्त आलिगोते या व्हाइट द्राक्षाची वाइन विकता येते, शार्दोने लावली तर ते नाव मिळत नाही.

ढगफुटी
आलिगोते म्हणजे ती आंबट पाणचट वाइन ना, जिच्यात काळ्या करंटांचं लिकर घालून 'कीर' करतात? दिजाँचे महापौर फेलिक्स कीर पाहुण्यांना तेच पाजायचे, म्हणून ते नाव पडलं. १९४५ ते १९६८ महापौर होते. पाद्रीही होते, आणि युद्धात रेझिस्टन्समध्येही, म्हणजे नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत. फार रंगेल माणूस.

चिंचगुळ
सपाट जमिनीवर भरमसाट पीक काढलं तर आलिगोते पाणचटच होणार. बूझरोंत ती उतारावर असते, पुष्कळ ठिकाणी जुन्या वेलींची, आणि उत्पन्नावर मर्यादा असते. रोमाने-कोंती ही अतिमहाग रेड वर्षानुवर्षं सांभाळलेले ओबेर द व्हिलेन यांनी स्वतःचं घर आणि दोमेन, म्हणजे मळा आणि वायनरी, थाटायला याच गावाची निवड केली. जगातल्या सगळ्यात महाग रेडपैकी एक बनवलेला माणूस उगीच आलिगोते लावेल का?

साबुदाणा
वाइन शाकाहारी असते का हो? अंड्याचा पांढरा बलक घालतात असं ऐकलंय.

कोरडा_ठाक
गाळ खाली बसवायला घालतात कधीकधी. अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, माशाच्या पिशवीचं जिलेटिन, किंवा बेंटोनाइट नावाची माती. २०१२ पासून युरोपात अंडं-दुधाचा अंश राहिला असेल तर लेबलवर छापावं लागतं. माशाचं छापावं लागत नाही. पण हा धागा त्याचा नाही.

साबुदाणा
म्हणजे मासा असला तर कळणारच नाही?! नवीन धागा काढते.

उंडगा
अहो, मूळ प्रश्नाकडे या. ऑगस्टमध्ये, १२ ते १५. गाडी नाही, रेल्वेने येतोय. मला व्हाइट, सोबत बाबा आहेत, ते फक्त रेड घेतात.

कोरडा_ठाक
वा! सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी आत्ता. १५ ऑगस्टला तिकडेही सुट्टी असते, कारण वेगळं, मेरीमातेचा सण. आणि ऑगस्टच्या मध्यात छोटे दोमेन हमखास बंद, काढणीआधीची विश्रांती म्हणून. आधी ईमेल करून वेळ ठरवल्याशिवाय एकाही दारात जाऊ नका. दुपारी बारा ते दोन कोणी भेटत नाही.

राकट
गाडीशिवाय बर्गंडी म्हणजे वेळ वाया. गाडी भाड्याने घ्या आणि थेट उत्तरेला साँ-ब्रीला जा. व्हाइटसाठी प्रसिद्ध शाब्लीच्या शेजारी, पण तिथे गावाच्या नावाने सोव्हिन्यों ब्लाँ या वेगळ्याच द्राक्षाची व्हाइट मिळते, अख्ख्या बर्गंडीत असं दुसरं गाव नाही. शेजारी इरांसी, तिथे बाबांना रेड. पिनोमध्ये थोडी सेझार नावाची स्थानिक जात मिसळायची मुभा आहे, त्याने रंग आणि तुरटपणा वाढतो. दोन्ही स्वस्त.

चिंचगुळ
बोनपासून साँ-ब्री गाडीने दीड तास. दिवसभर चाखायचं आणि मग हमरस्त्यावरून परत यायचं? फ्रान्समध्ये मर्यादा रक्ताच्या लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल, साधारण दोन छोटे ग्लास. गाडी चालवणाऱ्याने काय, नुसता वास घ्यायचा?

राकट
थुंकायचं असतं. प्रत्येक दोमेनमध्ये त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, पिकदाणीच म्हणा. हे माहीत नसलेल्यांनी सल्ले देऊ नयेत.

चिंचगुळ
माहीत आहे. ज्यांच्या बाबांना फक्त रेड चालते ते बाबा थुंकतील का, हा प्रश्न आहे.

मनमौजी
सायकल घ्या! जिव्री ते क्लुनी जुन्या रेल्वेमार्गावर सायकलरस्ता केलाय, १९९७ साली सुरू झाला, फ्रान्समधला त्या प्रकारचा पहिला. चढ फारसे नाहीत. वाटेत ब्युसी लागतं, तिथे मोंतान्यीवाल्या शेतकऱ्यांची मोठी सहकारी वायनरी आहे, १९३१ पासूनची. तिचं दुकान आहे, दोमेनसारखी भेटीची वेळ मागायची भानगड नाही. क्रेमाँ ही फसफसणारी वाइनही चाखून बघा. शँपेनच्याच पद्धतीने, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून केलेली, भाव निम्म्याहून कमी.

कोरडा_ठाक
सायकलवाल्यालाही तोच अर्धा ग्रॅम लागू आहे. बाकी सल्ला पहिल्यापेक्षा बरा.

सीमाशुल्क_प्रेमी
भारतात परत येताना माणशी दोन लिटरपर्यंतच करमाफी. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या धरा, तिसरीला कर. बिलं जपून ठेवा, बाटल्या मोज्यात गुंडाळा.

उंडगा
मी भारतात कुठे चाललोय? जर्मनीत राहतो. बाबा इथे आलेत.

सीमाशुल्क_प्रेमी
हे आधी लिहायचं ना. युरोपीय संघात स्वतःसाठी नेत असाल तर ९० लिटरपर्यंत सहसा कोणी विचारत नाही. त्यातली फसफसणारी ६० पर्यंत.

ढगफुटी
९० लिटर म्हणजे १२० बाटल्या. रेल्वेने. बाबांना हमाल समजलात की काय!

चिंचगुळ
उंडगा, आता नेमकं सांगते. बोनचं हॉटेल रद्द करून शान्यीला घ्या. दिजाँ-माकों मार्गावरच्या लोकल गाड्या तिथे थांबतात. शान्यीहून बूझरों आणि रुयी दोन्ही चार-पाच किलोमीटरच्या आत, जाताना टॅक्सी, बाबांची तयारी असेल तर येताना मळ्यांतून चालत. सकाळी लवकर, कारण ऑगस्टचं ऊन. तुम्हाला रुयीची व्हाइट, बाबांना मेर्क्युरे किंवा जिव्री. मेर्क्युरे तरुण असताना जरा दात आवळते, जिव्री मऊ. बाबांना पहिल्यांदा जिव्री द्या. वीस युरोंत बूझरों आरामात, रुयी आणि जिव्री काठावर, मेर्क्युरेला थोडे जास्त पडतील. आणि गावापेक्षा उत्पादकाचं नाव बघा. चांगल्या माणसाची साधी 'बूर्गोन्य', म्हणजे नुसत्या प्रदेशाच्या नावाची बाटली, आळशी माणसाच्या प्रीमिए क्रूला मागे टाकते.

लहान दोमेनमध्ये चाखायचे पैसे अनेकदा घेत नाहीत, पण सहा ग्लास चाखून हात हलवत निघणं बरं दिसत नाही. दोन बाटल्या घ्याव्यात.

राकट
शान्यीत संध्याकाळी करणार काय? बोन सोडणं चूक आहे. बोनहून तीच लोकल दहा-पंधरा मिनिटांत शान्यीला नेते. शिवाय बोनच्या वाइनबारमध्ये ग्लासवर सांतने, मारांज, ओसे-ड्युरेस अशा कमी बोलबाल्याच्या गावांचं सगळं मिळतं, दोमेन बंद असले तरी. ऑगस्टमध्ये तेच कामाला येईल.

कोरडा_ठाक
इथे मात्र राकटचं म्हणणं पटतं. चारातला एक दिवस सुट्टीत जाणार, बाकी दिवशी किती दारं उघडी सापडतील याचा भरवसा नाही.

चिंचगुळ
बरं, राहायला बोन. पण मारांज यादीत टाकल्याबद्दल धन्यवाद, ते माझ्याकडून सुटलं होतं. कोत द'ओर या प्रसिद्ध गावांच्या पट्ट्याचं अगदी दक्षिण टोक, रांगडी रेड, भाव अजून जमिनीवर. बाबांसाठी तेच.

उंडगा
ठरलं. बोन ठेवतो. रुयीच्या तीन आणि बूझरोंच्या एका दोमेनला ईमेल टाकले. एकाचं लगेच उत्तर आलं, २० ऑगस्टपर्यंत बंद. मारांजला जायला बस आहे का?

मनमौजी
सायकल.

साबुदाणा
माशाच्या जिलेटिनचा धागा काढलाय, सगळ्यांनी या.