उपनगराची लाइट रेल कुठून न्यावी: बाजारातून, महामार्गातून की जुन्या मालगाडीच्या रुळांवरून?

रोजची प्रवासी
उपनगराला लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी विजेवरची रेल्वे, द्यायची म्हटलं की बहुतेक वेळा तीनच मार्ग पुढे येतात: महामार्गाचा दुभाजक, बंद पडलेली मालगाडीची लाइन, नाहीतर मुख्य बाजाररस्ता. माझं मत बाजाररस्त्याला. पहिले दोन सुचतात ते जागा मोकळी आहे म्हणून. पण ती मोकळी का राहिली? तिथे कुणाला जायचंच नसतं. लॉस एंजेलिसची ग्रीन लाइन १९९५ मध्ये अशीच फ्रीवेच्या, म्हणजे तिथल्या महामार्गाच्या, मधोमध सुरू झाली.
महामार्गाच्या मधल्या थांब्यावर मी बसची वाट पाहत उभी राहिलेली आहे. दोन्ही बाजूंनी ट्रक, फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही, तिरका पाऊस आला की छप्पर असून नसल्यासारखं. आणि तिथवर पोचायला आधी पूल चढायचा, मग उतरायचा. गुडघे दुखणारा माणूस पहिल्याच दिवशी नाद सोडतो.

पेठेतला
ताई, तुम्ही गाडीत बसणार, खड्डा पडणार आमच्या दारात. रूळ टाकणं सोपं असतं हो. खाली काय आहे ते कुणाला माहीत नसतं. जुने पाण्याचे नळ, केबल, गटारं. नकाशात एक, खोदल्यावर दुसरंच. एडिंबरात ट्रामचं काम यातच अडकलं. २०१४ मध्ये गाडी सुरू झाली, तीही ठरलेल्यापेक्षा आखूड. लीथ या तिथल्या बंदराच्या भागातून पुढचा टप्पा यायला २०२३ उजाडलं. सिडनीत तर रस्त्यावरचे दुकानदार कोर्टात गेले. माझ्या दुकानासमोर फक्त गटाराचं काम होतं, तेव्हा पाच महिने पत्रे लागले होते. गिऱ्हाईक पत्र्याच्या त्या बाजूने निघून जायचं. त्यानंतर मी एक माणूस कमी केला, तो आजही भेटला की मला नजर वर करवत नाही.

स्वतंत्र रूळ
पेठेतल्यांशी सहमत, पण माझं कारण वेळेचं आहे. बारा किलोमीटरचा मार्ग धरा. सिग्नलवर थांबत रस्त्यातून जाणारी गाडी ताशी १८ ची सरासरी गाठेल, म्हणजे ४० मिनिटं. जुन्या लाइनवर ३० सहज मिळतात: २४ मिनिटं. रोज जाऊन येऊन अर्धा तास वाचतो. शिवाय जमीन सलग, चढ सौम्य. बॉस्टनने १९५९ मध्ये जुनी रेल्वेलाइन अशीच लाइट रेलला दिली, आजही ती चालते.

रोजची प्रवासी
तुमची १६ मिनिटं गाडीतली आहेत, घरापासूनची नाहीत. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. जुनी लाइन वस्तीपासून किलोमीटरभर लांब असली तर साडेबारा मिनिटं चालण्यातच गेली. उरली साडेतीन. तेवढ्यासाठी अंधारात गोदामांच्या मागून चालायचं? मी नाही चालणार, माझ्या मुलीलाही पाठवणार नाही.
आणि सिग्नलवर गाडीने थांबायलाच हवं असं कुठे आहे? तिला वेगळी मार्गिका आणि चौकात आधी हिरवा दिवा द्या. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गने १९९४ मध्ये ट्राम भर मध्यवस्तीतून नेली आणि क्लेबेर चौकातून मोटारी हटवल्या. मोटारींची जागा काढून घ्यायची तयारी नसेल, तर रस्त्यातली ट्राम रखडणारच. तिथे मी तुमच्याच बाजूची.

दोन्हीचा मेळ
लंडनचं उपनगर क्रॉयडन बघा. तिथली ट्राम २००० पासून धावते. विंबल्डनकडे जुन्या रेल्वेमार्गावरून वेगात, आणि शहराच्या मध्यात शिरली की रस्त्यावर. जुनी लाइन धरायची, फक्त शेवटचे दीड-दोन किलोमीटर ती सोडून बाजारात वळायचं. खोदकामही तेवढ्यापुरतंच.

स्वतंत्र रूळ
हे मला चालेल. फक्त वळणं आखडती ठेवू नका, नाहीतर वाचवलेला वेळ तिथेच जाईल, आणि चाकांची किंचाळी शेजारच्या घरांना जन्मभर.

रोजची प्रवासी
मला अर्धंच पटतंय. मधल्या वस्त्यांचं काय? त्यांच्या वाट्याला तेच गोदामांमागचे थांबे. निदान तिथपर्यंत दिवे असलेली पायवाट रुळांसोबतच बांधा, नंतर नको.

पेठेतला
दीड किलोमीटर म्हणजे आमचीच पेठ! तरी मी आडवा येणार नाही. आधी चाचणीचे खड्डे घेऊन खाली काय आहे ते बघा, नळ-केबल हलवा, मगच रुळांचं कंत्राट द्या. एका वेळी एकच तुकडा खोदा. आणि नुकसानभरपाई किती, कधी, हे पहिली कुदळ पडायच्या आधी कागदावर हवं.