टायपिंग आणि गेमिंगसाठी एकच बॅकलिट मेकॅनिकल कीबोर्ड: कोणता स्विच?

प्रश्न: दिवसभर टायपिंग, रात्री गेम. प्रत्येक बटणाखालचा स्विच रेड, ब्राउन की ब्लू? टिकाऊपणासाठी काय तपासावं?

उत्तर १: ब्राउन घ्या. दाबताना बोटाला हलका अडथळा जाणवतो, त्यामुळे टायपिंगला बरा. चेरी कंपनीचा रेड ४५ सेंटिन्यूटन (साधारण ४६ ग्रॅम वजनाइतक्या) जोरावर, मध्ये अडथळा न येता सरळ खाली जातो. गेमला छान, पण चुकून हलकं दाबलं गेलं तरी अक्षर उमटू शकतं. ब्लू रात्री नकोच, फार खटखटतो.

उत्तर २: त्याहून महत्त्वाचं म्हणजे हॉट-स्वॅप सॉकेट, म्हणजे स्विच नुसता ओढून काढता येणारी खाच. एका दाबात दोन अक्षरं उमटू लागली की सोल्डरिंगशिवाय तेवढाच स्विच बदलता येतो. बसवण्याआधी पिना सरळ करा. वाकलेली पिन सॉकेटबाहेर दुमडते आणि बटण चालत नाही. तीन पिनांच्या बोर्डावर पाच पिनांचा स्विच बसवायचा तर प्लॅस्टिकचे दोन पाय कापा.

उत्तर ३: कीकॅप (बटणांवरच्या टोप्या) पीबीटी प्लॅस्टिकच्या, डबलशॉट (अक्षर रंगवलेलं नाही, तर वेगळ्या प्लॅस्टिकच्या थरातलं) आणि अक्षरांतून प्रकाश येणाऱ्याच बघा. एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक लवकर गुळगुळीत होतं.