यीस्टने औषध बनवले, तर सह्याद्रीतल्या नरक्याचे काय?

गोरेगावकर : लादीपाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये वनस्पतींची ३४ जनुके घालून कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटाने २०२२ साली सदाफुलीतील दोन द्रव्ये बनवून घेतली आणि ती रासायनिक क्रियेने जोडून कर्करोगावरील विनब्लास्टीन तयार केले. एरवी एका ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. नरक्या या झाडातील कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरील औषधांचे मूळ द्रव्यही असेच यीस्टच्या टाकीत बनावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे द्रव्य त्या झाडात असल्याचे १९७२ साली आमच्या गोरेगावातल्याच प्रयोगशाळेने दाखवले आणि पुढे सह्याद्रीत नरक्यावर कुऱ्हाडी चालल्या.

परळकर : त्या यीस्टने लिटरमागे एक मिलिग्रॅमही दिले नाही, हे आपण सांगितले नाही. दवण्याच्या गोतातल्या एका चिनी वनस्पतीपासून हिवतापावरील आर्टेमिसिनीन मिळते. ते ज्यापासून बनते ते पूर्वद्रव्य २०१३ साली यीस्टने लिटरला २५ ग्रॅम दिले आणि सनोफी या औषध कंपनीने इटलीत उत्पादनही सुरू केले. पण शेतातल्या मालाचा भाव इतका उतरला की २०१६ मध्ये तो कारखाना विकावा लागला. रानातले लाकूड मजुरीच्या भावात मिळत असताना टाकीतला माल कोणता व्यापारी घेईल?

गोरेगावकर : दाखला मान्य, निष्कर्ष अमान्य. ते हंगामी पीक आहे, भाव चढला की शेतकरी जास्त पेरतात. नरक्याचा बुंधा पुढच्या हंगामात उगवत नाही.

कणकवलीकर (मुक्काम दादर) : आपण दोघेही भावाचेच बोलत आहात. आमच्याकडे फुलोऱ्याच्या दिवसांत नरक्याजवळ उभे राहवत नाही, इतका त्याचा दर्प असतो, तरीही त्याची राखण गावानेच केली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभातला वाटा स्थानिकांना देऊ केला खरा. परंतु साल नेणाऱ्याची गाडी नाक्यावर अडवता येते, संगणकातून जनुकाची क्रमावली, म्हणजे त्यातल्या घटकांचा नोंदलेला क्रम, नेणाऱ्याला कोण अडवणार? २०२४ साली कोलंबियातील काली शहरात झालेल्या जैवविविधता परिषदेत अशा वापरासाठी निधी ठरला, पण त्यात पैसे भरणे कंपन्यांच्या मर्जीवर आहे.

परळकर : म्हणजे वाटा ठरेपर्यंत संशोधन थांबवायचे? परळच्या पदपथावर मुक्काम टाकलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना हे आपण सांगाल का?

कणकवलीकर : थांबवा असे मी कुठेही म्हटलेले नाही. पेटंटच्या अर्जात जैविक सामग्रीचे मूळ ठिकाण सांगण्याची अट आपल्या कायद्यात आहेच. तीच अट क्रमावलीलाही स्पष्ट शब्दांत लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे.