शब्दचर्चा: 'विकर' की 'विकार'?

कृष्णाकाठ (सांगली): शाळेच्या विज्ञान मंडळासाठी भित्तिपत्रक करतोय. मथळा: 'उंदरांच्या उच्च रक्तदाबात मूत्रपिंडातील विकरांचा वाटा'. टायपिंगवाल्याने परस्पर 'विकारांचा' करून दिलं आणि मुख्याध्यापकांनाही तेच बरोबर वाटतंय. 'विकर' कुणी वापरतं का हो?

मिरजेची लॅबवाली: पाठ्यपुस्तकात वापरतात. लॅबमध्ये आम्ही सरसकट 'एन्झाइम'च म्हणतो. विकार म्हणजे आजार, विकर म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. पंचाईत अशी, की 'विकारांचा'सुद्धा खोटं नाही. मूत्रपिंड बिघडलं की बीपी चढतंच. त्यामुळे चूक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सरळ 'एन्झाइम' छापा.

यवतेश्वर (सातारा): ताई, मुलं परीक्षेत 'विकर'च लिहितात, तो राहू द्या. मात्र नाव घालून 'रेनिन हे विकर' असं करा, म्हणजे काना घुसायला जागा उरणार नाही. टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी १८९८ साली स्वीडनमध्ये सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांचा रक्तदाब वाढला. त्या अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. पण रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. यकृतातून रक्तात आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनचा ते तुकडा पाडतं. तो तुकडा एसीई नावाचं दुसरं विकर आणखी छाटतं आणि त्यातून होणारं अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळतं. हे एसीई मुख्यतः फुफ्फुसात असतं, म्हणून 'मूत्रपिंडातील विकरां'चं अनेकवचन जरा जपून.

मिरजेची लॅबवाली: सर, नेटवर शोधताना एक बघा. वासराच्या जठरातल्या, चीजसाठी दूध साकळवणाऱ्या विकराचं जुनं नावही देवनागरीत 'रेनिन'च दिसतं. इंग्रजीत एक 'एन' जास्त, एवढाच फरक. त्याला आता काइमोसिन म्हणतात.

कृष्णाकाठ: बरं झालं सांगितलंत. आमच्या एका मुलाने दह्याचं चित्र काढून ठेवलंय! आणि रॅटला 'घूस' लिहू का?

यवतेश्वर: नको. घूस हा निराळा प्राणी. मराठीत रॅट आणि माउस दोघांनाही उंदीरच म्हणतात, तेव्हा 'प्रयोगशाळेतील उंदीर (रॅट)' लिहा. मथळ्यातला 'उंदरांच्या' हा शब्द मात्र मला फार मोघम वाटतो. एका मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून ती अरुंद केली, तर त्या मूत्रपिंडातून रेनिन जास्त सुटतं आणि दाब चढतो. उलट मिठाने दाब चढणाऱ्या डाल वाणाच्या उंदरांत रक्तातलं रेनिन कमी असतं. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये जाहीर केलेल्या वाणात तर दाब आपोआप चढतो, चिमटा लागत नाही.

मिरजेची लॅबवाली: शेपटीला बारीक पट्टा बांधून बीपी घेतात, तेही काढायला सांगा. दह्यापेक्षा बरं दिसेल.

कृष्णाकाठ: मग असं करतो: 'धमनी अरुंद केलेल्या उंदरांत रक्तदाब वाढवणारे विकर: रेनिन'.

यवतेश्वर: 'वाढवणारे' नको, 'वाढीला सुरुवात करून देणारे' म्हणा. पुढचं काम अँजिओटेन्सिन-२ करतं.